मतदानयंत्र आणि संमतीचा पुरावा

(१)

इनामगांव हें पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या उजव्या तीरावर वसलेलें गांव. इ. स. १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें तेथें उत्खनन केलें व त्याचा वृत्तान्त डॉ. ढवळीकर, डॉ. सांकळिया व डॉ. अन्सारी यांच्या नांवानें १९८८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशें वर्षें, येथें ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, पाण्याचा पाट, तटबंदी, आणि जोर्वे काळाच्या पूर्वार्धांतील पांच खोल्यांचें एक मोठें घर येथें सांपडलें. या घराशेजारींच धान्याचें कोठार होतें. त्यावरून संशोधकांनीं असें अनुमान काढलें कीं, हें घर गांवच्या प्रमुखाचें असावें, आणि करादाखल आलेलें धान्य त्या कोठारांत सांठविलें जात असावें.

त्या प्रमुखास गांवाची संमति होती काय, हें मात्र कोणत्याहि उत्खननानें कळण्यासारखें नाहीं. घराच्या भिंती उरतात, कोठाराचा तळ उरतो, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणांत बसवून पुरलेला मनुष्यहि सुमारें तीन हजार वर्षें उरतो. परंतु गांवानें हो म्हटलें कीं नाहीं म्हटलें, याची खूण उरलेली नाहीं. संमति दिली गेली असली तर ती तोंडीं दिली गेली, आणि बोललेला शब्द बोलणाऱ्याबरोबर गेला.

आज त्याच गांवचे लोक यंत्राची कळ दाबून आपली संमति देतात. कळ दाबल्यावर संमतीची खूण कोठें राहते, कशावर राहते व ती कोणास तपासतां येते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकाचा नव्हे, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु कागद अस्सल कीं नक्कल, शिक्का खरा कीं बनावट, कागद कोणाच्या दफ्तरांतून निघाला व मधल्या काळांत कोणाच्या हातीं होता, हे प्रश्न विचारण्यांतच आमच्या संग्राहकांचें व संशोधकांचें आयुष्य जातें. मतदानयंत्राविषयींच्या वादाच्या मुळाशीं नेमके हेच प्रश्न आहेत. ते बहुधा जयापजयाच्या भरांत विचारले जातात, म्हणून त्यांचीं उत्तरेंहि त्याच भरांत दिलीं जातात. हरलेल्यानें यंत्रास दोष द्यावा आणि जिंकल्यावर तोच विसरावा, हा परिपाठ बहुतेक सर्व पक्षांनीं आळीपाळीनें पाळला आहे.

मी कोणत्याहि पक्षाचा नाहीं. शिक्षकाचा पेशा असल्यामुळें निवडणुकीच्या कामावर मला अनेकदां जावें लागलें. आधीं मतपत्रिकांच्या काळांत, पुढें यंत्रांच्या काळांत. त्या अनुभवाचाहि उपयोग येथें केला आहे.

(२)

संमतीची खूण ठेवण्याची व ती तपासण्याची रीति आपल्या देशांत जुनी आहे. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत भिक्षुसंघांतील वाद बहुमतानें मिटविण्याचा विधि सांगितला आहे. मत देण्याचें साधन शलाका, म्हणजे काडी. ती वांटणारा तो शलाकाग्राहापक. त्याच्या अंगीं पांच गुण असावे असें तेथें म्हटलें आहे. आवड, द्वेष, मोह व भय या चार गोष्टींनीं त्यानें मार्ग सोडूं नये, हे पहिले चार. आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाहीं हें त्यास कळावें, हा पांचवा. पहिले चार गुण शीलाचे आहेत, पांचवा हिशेबाचा आहे. केवळ सज्जन मनुष्य नेमून काम भागत नाहीं, त्याला मोजणीहि यावी लागते, हें त्या शास्त्रकारांस ठाऊक होतें.

शलाका घेण्याचे प्रकार तीन: गुप्तपणें, कानांत सांगून आणि उघडपणें. गुप्त प्रकारांत निरनिराळ्या पक्षांच्या शलाका निरनिराळ्या रंगांच्या करीत व घेणाऱ्यास ती कोणासहि न दाखविण्याविषयीं सांगत. परंतु येथेंच एक गोष्ट आहे, ती प्राचीनांचा गौरव करणारे सहसा सांगत नाहींत. अधर्मवादी पक्षाच्या शलाका अधिक भरल्या असें वांटणाऱ्यास आढळलें, तर मतदान नीट झालें नाहीं असें म्हणून तें रद्द करण्याची मुभा त्यास दिली आहे. म्हणजे मोजणाराच निकाल मान्य करावयाचा कीं नाहीं हें ठरविणार. हेतु कितीहि धार्मिक असला, तरी मोजणाऱ्याच्या हातीं एवढा अधिकार गेल्यावर शलाकांचे रंग निरर्थक होतात. गुप्त मत आणि एकट्यानें केलेली मोजणी हीं दोन एकत्र आलीं म्हणजे काय धोका उत्पन्न होतो, याचें इतकें जुनें उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

याच्या उलट उदाहरण तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथील शिलालेखांत आहे. चोल राजा पहिला परांतक याच्या बाराव्या व चौदाव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इ. स. ९१९ व ९२१ मधील, हे लेख त्या अग्रहाराच्या सभेचे सभासद निवडण्याची रीति सांगतात. गांवाचे तीस विभाग. प्रत्येक विभागांतील पात्र मनुष्यांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहावयाचीं, विभागवार जुडगे बांधावयाचे व घागरींत घालावयाचे. मग लहानथोर सर्व सभा व गांवांत हजर असलेले पुजारी जमले म्हणजे त्या पुजाऱ्यांपैकीं वृद्धानें ती घागर सर्वांस दिसेल अशी उचलून धरावयाची. आंत काय आहे हें ठाऊक नसलेल्या मुलानें एक जुडगा काढावयाचा. तो दुसऱ्या घागरींत सोडून ढवळावयाचा, आणि त्यांतून एक चिठ्ठी काढावयाची. ती मध्यस्थानें पांचहि बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावयाची, मोठ्यानें वाचावयाची, आणि नंतर तेथें असलेल्या सर्व पुजाऱ्यांनीं ती वाचावयाची. पूर्वीं समितीवर असतांना ज्यानें हिशेब दिला नाहीं, तो व त्याचे नातलग यांचीं नांवें चिठ्ठीवर लिहावयाचीं नाहींत.

ही निवड बहुमताची नव्हती, सोडतीची होती. आणि जमीन, वय व वेदाध्ययन यांच्या अटींमुळें ती थोड्यांपुरतीच होती. तेव्हां तिला आजच्या अर्थीं निवडणूक म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्या पसरलेल्या पांच बोटांकडे लक्ष द्यावें. मध्यस्थ लबाड आहे असें लेखांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. तो प्रामाणिक असला तरी त्याच्या मुठींत दुसरी चिठ्ठी नाहीं हें सर्वांस दिसलें पाहिजे, एवढेंच तेथें अभिप्रेत आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्यानेंहि हात उघडा ठेवावा, यांत त्याचा अपमान आहे असें त्या सभेस वाटलें नाहीं.

(३)

महाराष्ट्रांत अशा संमतीचें लेखी रूप म्हणजे महजर. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला, साक्षी झाल्या, निवाडा झाला, म्हणजे हजर मजालसीचीं नांवें घालून महजर लिहीत व त्यावर खुणा करीत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, इतरांच्या आपापल्या धंद्याच्या हत्यारांच्या निशाण्या. अक्षर न येणाऱ्याची निशाणी सुशिक्षिताच्या सहीइतकीच मोलाची धरीत. मजकूर संपल्यावर त्याच्याखालीं कोणी ओळ घुसडूं नये म्हणून ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा होत असे. कागद लांब असला व तुकडे जोडावे लागले, तर जोडावर शिक्का उठवीत, म्हणजे मधला तुकडा बदलतां येऊं नये. आमच्या वाचकांस हें सांगण्याची गरज नाहीं. त्यांच्या संग्रहांत असे कागद आहेत. परंतु या प्रत्येक खुणेचा उद्देश लक्षांत आणावा. लिहिणारा लबाड आहे असें धरून ती केलेली नाहीं. पुढें कधीं वाद पडला, तर त्या वेळीं हजर नसलेल्या मनुष्यासहि कागद तपासतां यावा, म्हणून ती केलेली आहे.

ज्यांच्यापाशीं अशी खूण राहिली नाहीं त्यांचें काय झालें, हें इनाम कमिशनच्या इतिहासावरून दिसतें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें कंपनी सरकारनें इनामांची चौकशी मांडली व सनदा मागितल्या. कित्येकांच्या सनदा जळालेल्या, हरवलेल्या, वाळवीनें खाल्लेल्या, कित्येकांच्या बनावट. पिढ्यान् पिढ्या वहिवाट चाललेलीं इनामें कागद नाहीं म्हणून गेलीं. त्यांत लोकांस अधिक झोंबलें तें असें कीं, चौकशी करणारे व निर्णय देणारे तेच. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या बाबतींत बंद. एखादा निर्णय बरोबर असला तरी तो बरोबर आहे हें तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकण्याची सोय राहिली नाहीं. त्या असंतोषाचें पुढें काय झालें हें सर्वविश्रुत आहे.

महजर आणि मतदान यांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि तो सोडून केलेली तुलना फसवी होईल. महजरावरील नांगर कोणत्या पाटलाचा हें सर्वांस ठाऊक असे. किंबहुना तें ठाऊक असावें म्हणूनच ती खूण. मताचें उलट आहे. तें कोणाचें हें कोणासहि कळतां कामा नये. सावकार, जमीनदार, भाऊबंद, गांवचा पुढारी या सर्वांच्या धाकापासून गरिबाच्या मताचें रक्षण केवळ त्या गुप्ततेनें होतें. म्हणून संमतीची खूण अशी हवी कीं, ती देणाऱ्यास स्वतःस ओळखतां यावी, मोजणाऱ्यास खरी आहे हें कळावें, आणि तरीहि ती कोणी दिली हें दोघांखेरीज तर राहोच, मोजणाऱ्यासहि कळूं नये. मतदानाच्या साधनांतील सर्व अडचण या एका वाक्यांत आहे.

(४)

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावीत, व मतदार कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकीत. या लोखंडी पेट्यांपैकीं बारा लाखांहून अधिक मुंबईस विक्रोळी येथें गोदरेजच्या कारखान्यांत तयार झाल्या. पुढें सर्व उमेदवारांचीं चिन्हें एका कागदावर छापून त्यावर शिक्का मारण्याची पद्धति आली.

त्या मतपत्रिकांच्या मोजणीस मी बसलों आहें. टेबलांवर गठ्ठे, भोंवतीं उमेदवारांचे प्रतिनिधि, दोन चिन्हांच्या मधोमध पडलेल्या शिक्क्यावरून अर्धा तास चाललेली हुज्जत, आणि पहाटेपर्यंत जागरण. त्या पद्धतींत एक गुण होता: हरलेला मनुष्यहि आपल्या डोळ्यांनीं पाहून हरत असे. परंतु तिचा दोषहि सांगितला पाहिजे. देशांतील कांहीं भागांत गुंड केंद्रांत शिरून तासाभरांत शेंकडों मतपत्रिकांवर शिक्के मारून पेट्या भरीत. कागद अस्सल, शिक्का अस्सल, पेटी अस्सल, आणि संमति मात्र बनावट. १९८९ च्या ज्या कायदादुरुस्तीनें मतदानकेंद्र बळकावण्याच्या गुन्ह्याची व्याख्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत घातली, त्याच दुरुस्तीनें यंत्रानें मत घेण्याचें कलम ६१अ हि घातलें. यंत्राच्या जन्मामागें कागदाचा हा रोग होता. कागद पुन्हां आणावा असें म्हणणारांनीं तो विसरूं नये.

(५)

यंत्राचा पहिला प्रयोग मे १९८२ मध्यें केरळांतील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर झाला. कायद्यांत त्यास आधार नव्हता, म्हणून १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील निवडणूक रद्द ठरवून त्या ५० केंद्रांवर फेरमतदान घेण्यास सांगितलें. वर सांगितलेल्या दुरुस्तीनंतर, १९९८ पासून यंत्रें हळूहळू वापरांत आलीं आणि २००४ ची लोकसभेची निवडणूक देशभर त्यांवर झाली. हीं यंत्रें बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स व हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या बनवितात. तीं कोणत्याहि जाळ्यास जोडलेलीं नसतात, आणि मिनिटास चारापेक्षां अधिक मतें घेत नाहींत. त्यामुळें केंद्र बळकावणाऱ्यास पूर्वींची घाई करतां येत नाहीं. हा लाभ खरा आहे.

२००४ सालीं एका केंद्रावर एक म्हातारे गृहस्थ कळ दाबून बाहेर आले व माझ्या टेबलापाशीं थांबून म्हणाले, “गुरुजी, शिट्टी वाजली खरी, पण माझं मत गेलं कुठं?” मीं त्यांस यंत्राकडे बोट दाखविलें. ते हंसले व गेले. त्या वेळीं मला तो अडाणीपणा वाटला. पुढें विचार करतां असें दिसलें कीं, जो प्रश्न आम्ही प्रत्येक ताम्रपटास विचारतों तोच त्यांनीं विचारला होता, आणि मजपाशीं त्याचें उत्तर नव्हतें. मत यंत्राच्या स्मृतींत उमटलें असेल. पण तें उमटतांना कोणीं पाहिलें नव्हतें व नंतरहि कोणास पाहतां येणार नव्हतें.

२०१० सालीं कांहीं संगणकतज्ज्ञांनीं एक यंत्र उघडून त्यांतील भाग बदलले, तर निकाल बदलतां येतो असें दाखविलें. तें यंत्र मुंबईच्या जुन्या कस्टम हाउसमधील सांठ्यांतून चोरीस गेलेलें होतें. निवडणूक आयोगाचें म्हणणें असें कीं, यंत्र हातीं पडलें तरच हें शक्य, आणि मोहोरबंद कोठडींतील यंत्र कोणाच्या हातीं पडत नाहीं. यांत दोन्ही पक्षांचें थोडें थोडें खरें आहे. दफ्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर वाद कागदाच्या अस्सलपणाचा नसून तो मधल्या काळांत कोणाच्या ताब्यांत होता याचा आहे. ताब्याची साखळी अखंड असेल तोंवरच आयोगाचें उत्तर पुरें पडतें.

८ ऑक्टोबर १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ८ ऑक्टोबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें कीं, मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठीं कागदी पडताळा अवश्य आहे. त्यापूर्वीं महिनाभर नागालँडांतील नोकसेन येथील पोटनिवडणुकींत चिठ्ठी छापणारें यंत्र प्रथम वापरलें गेलें होतें. मतदारानें कळ दाबली म्हणजे उमेदवाराचें नांव व चिन्ह छापलेली चिठ्ठी कांचेआड सात सेकंद दिसते व खालच्या बंद पेटींत पडते. छत्तीस वर्षांपूर्वीं जी अडचण अशक्य वाटली असती ती येथें बरीच सुटली: खूण मतदारानें स्वतः पाहिली, ती कागदावर राहिली, आणि ती कोणाची हें कोणास कळलें नाहीं. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानें प्रत्येक विधानसभा मतदारसंघांतील पांच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशीं ताडून पाहण्याचें ठरलें. हीं पांच केंद्रें कशीं निवडतात, तें पाहण्यासारखें आहे. केंद्रांचे क्रमांक कागदांवर लिहून, घड्या घालून, भांड्यांत हलवून, उमेदवारांसमक्ष सोडत काढतात. उत्तरमेरूरची घागर अकराशें वर्षांनीं पुन्हां बाहेर आली, असेंच म्हणावें.

२६ एप्रिल २०२४ रोजीं न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्त यांच्यापुढें मतपत्रिका पुन्हां आणाव्या किंवा सर्व चिठ्ठ्या मोजाव्या अशी मागणी आली. ती त्यांनीं फेटाळली. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानें निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास मतदारसंघांतील पांच टक्के यंत्रांच्या स्मृतीची तपासणी, खर्च मागणाऱ्यानें सोसून, करावी असें सांगितलें. त्या तपासणींत मूळ मजकूर पुसूं नये किंवा नवा भरूं नये, हें न्यायालयास ११ फेब्रुवारी २०२५ रोजीं निराळें सांगावें लागलें. हस्तलिखित तपासण्यासाठीं प्रथम तें धुऊन घेऊं नये, हें आमच्या क्षेत्रांत नवशिक्यासहि ठाऊक असतें.

(६)

आतां महाराष्ट्रांतील प्रत्यक्ष प्रकरणांकडे वळूं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत पुण्याच्या पर्वती मतदारसंघांतील यंत्राविषयीं हरलेल्या उमेदवारानें मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला. २०१७ सालीं न्यायालयानें एका केंद्राचें यंत्र हैदराबादच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठविलें. यंत्रांत फेरफार झाल्याचें तेथें आढळलें नाहीं. संशय घेणाऱ्यानें न्यायालयाकडे जावें, न्यायालयानें तिऱ्हाइताकडून वस्तु तपासून घ्यावी आणि उत्तर उघड व्हावें, हा सरळ मार्ग झाला. तो तीन वर्षांचा लांब होता, हेंहि खरें.

दुसरें प्रकरण सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्याच्या मारकडवाडीचें. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान झालें, २३ रोजीं मोजणी झाली. माळशिरस मतदारसंघांत जो उमेदवार १३,१४७ मतांनीं निवडून आला, त्यास या गांवीं ८४३ मतें व त्याच्या प्रतिस्पर्ध्यास १,००३ मतें पडलीं. विजयी उमेदवाराच्या गांवांतील पाठीराख्यांस हे आकडे पटेनात. आपल्या खर्चानें मतपत्रिकांवर पुन्हां मत देऊन पाहूं, असें त्यांनीं ठरविलें व ३ डिसेंबर ही तारीख धरली. प्रशासनानें परवानगी नाकारली, जमावबंदीचा हुकूम काढला, गांवांत पोलीस आले आणि मतदान झालें नाहीं. नंतर गुन्हेहि नोंदले गेले. पुढें आठवड्याभरांत दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या सभा त्याच गांवीं झाल्या. यंत्रावर आमचा विश्वास आहे असें म्हणणारे लोकहि गांवांत होते.

या प्रकरणाचा विचार दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. गांवकऱ्यांचें फेरमतदान झालें असतें तरी तो पुरावा झाला नसता. निकाल कळल्यावर घेतलेलें मत हें पहिल्या मताची नक्कल नव्हे. तें नवें मत. एका पक्षाच्या लोकांनीं बोलाविलेल्या मतदानास दुसऱ्या पक्षाचे लोक येतीलच असें नाहीं. निवडणुकीवर आक्षेप घ्यावयाचा तर पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, हा कायद्याचा मार्ग आहे. इतकें सर्व मान्य करूनहि असें म्हणावें लागतें कीं, जमावबंदीनें गर्दी पांगते, संशय पांगत नाहीं. गांवकऱ्यांस जें हवें होतें, तें त्यांच्याच केंद्रांच्या मोहोरबंद पेट्यांत होतें: मतदारांनीं कांचेआड पाहिलेल्या चिठ्ठ्या. त्या उघडून सर्वांसमक्ष मोजल्या असत्या, तर आकडा कोणाच्याहि बाजूनें पडो, मारकडवाडीचा तंटा एका दिवसांत मिटला असता. परंतु सोडतींत न आलेल्या केंद्राच्या चिठ्ठ्या गांवाच्या मागणीवरून मोजण्याची वाट कायद्यांत नाहीं.

आयोगाच्या बाजूचा पुरावाहि नमूद केला पाहिजे. त्याच निवडणुकींत राज्यांतील २८८ मतदारसंघांतून प्रत्येकीं पांच, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, व यंत्राच्या आकड्याशीं त्यांचा मेळ बसला असें निवडणूक अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें. सोडत उघड निघाली असेल तर हा पुरावा हलका नाहीं. राज्यभर मोठ्या प्रमाणावर फेरफार झाला असता, तर तो एवढ्या नमुन्यांतून निसटणें कठिण. एका केंद्राविषयींचा संशय मात्र राज्याच्या सरासरीनें फिटत नाहीं. दहा हजार सनदा खऱ्या आहेत म्हणून अकरावी हजारावी तपासूं नये, असें कोणताहि दफ्तरदार म्हणणार नाहीं.

(७)

चूक पुष्कळदां यंत्रांत नसतेच, याचें एक उदाहरण हरियाणांतील आहे. पानिपत जिल्ह्यांतील बुआना लाखू गांवीं २०२२ च्या नोव्हेंबरांत सरपंचाची निवडणूक झाली व एका केंद्राचे आकडे मांडतांना घोटाळा झाल्यावरून वाद पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०२५ च्या ऑगस्टांत न्यायालयाच्या आवारांत, दोन्ही पक्षांसमक्ष, चित्रीकरण करून यंत्रांतील मतें पुन्हां मोजलीं, आणि आधीं हरलेला ठरविलेला उमेदवार ५१ मतांनीं निवडून आल्याचें निघालें. यंत्रानें आपलें काम नीट केलें होतें. मनुष्यानें आकडा चुकीच्या ठिकाणीं लिहिला होता. यंत्र निर्दोष आहे एवढें सिद्ध केल्यानें निवडणूक निर्दोष ठरत नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

माझ्या हातूनहि अशी चूक होतां होतां राहिली, ती येथें नोंदवितों. मतदान सुरू होण्यापूर्वीं प्रतिनिधींसमक्ष निदान ५० मतांचा सराव करून, आकडे जुळवून, यंत्र शून्यावर आणावें लागतें. २०१९ सालीं एका केंद्रावर दाराशीं गर्दी लोटली होती, घड्याळ सात वाजण्याच्या बेतास आलें होतें, आणि मीं मोहोर करण्यास लाख तापविली. एका प्रतिनिधीनें, तो तिशीच्या आंतला शेतकरी असावा, हात वर केला. “गुरुजी, आकडा शून्य केला का? आम्हांला दाखवा की एकदा.” मीं शून्य केलें नव्हतें. त्यानें विचारलें नसतें तर त्या केंद्राच्या हिशेबांत ५० खोटीं मतें माझ्या सहीनिशीं गेलीं असतीं. त्या क्षणीं मला राग आला. दिवस संपल्यावर मीं त्याचे आभार मानले. मतांच्या हिशेबाची जी प्रत केंद्रावरील प्रतिनिधींस मिळते, तिच्यावर त्याची सही मीं जरा आदरानेंच घेतली.

जर्मनीच्या घटना न्यायालयानें ३ मार्च २००९ रोजीं तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. तीं यंत्रें कोणी बिघडविलीं होतीं असें न्यायालयाचें म्हणणें नव्हतें. निवडणुकीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकास विशेष तांत्रिक ज्ञानावांचून तपासतां आल्या पाहिजेत, एवढेंच तत्त्व त्यानें सांगितलें. त्या यंत्रांस कागदी चिठ्ठी नव्हती. आपल्या लोकसभा व विधानसभा निवडणुकींच्या यंत्रांस ती आहे. म्हणून आमच्या मतें यंत्र टाकून देण्याचें कारण नाहीं. कारण आहे तें चिठ्ठीस तिचें खरें स्थान देण्याचें. मतदारानें पाहिलेली चिठ्ठी हा अस्सल कागद. यंत्राचा आकडा हा त्याचा गोषवारा. गोषवारा सोयीचा असतो, लवकर वाचतां येतो, बहुधा बरोबरहि असतो. परंतु दोहोंविषयीं वाद पडला तर अस्सल उघडून पाहावा, आणि तो उघडण्याचा अधिकार गोषवारा करणाऱ्याच्या मर्जीवर नसावा, हा कागदपत्रपरीक्षेचा पहिला नियम आहे.

या दृष्टीनें पाहतां खरी उणीव मोठ्या निवडणुकींत नसून लहान निवडणुकींत आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिति, जिल्हा परिषद व नगरपरिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. २०२५ च्या डिसेंबरांतील नगरपरिषदांच्या मतदानापर्यंत त्या यंत्रांस चिठ्ठीची जोड नव्हती. जेथें पांचदहा मतांनीं, प्रसंगीं एका मतानें, सरपंच ठरतो, जेथें हरलेला व जिंकलेला एकाच पाणवठ्यावर भेटतात, तेथेंच संमतीची तपासतां येण्यासारखी खूण उरत नाहीं. इनामगांवच्या आजच्या ग्रामपंचायतीच्या मतदारानें गांवचा कारभारी निवडतांना काय म्हटलें, याचा यंत्राच्या आकड्याखेरीज दुसरा पुरावा नाहीं. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या पांच खोल्यांच्या घराविषयीं जो प्रश्न आम्हांस सोडवितां आला नाहीं, तो आजच्या गांवाविषयीं तरी पुढच्या संशोधकास पडूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. निवडणूक झाल्यावर मतपत्रिका व चिठ्ठ्या ठराविक मुदतीनंतर नष्ट होतात, आणि गुप्ततेच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु प्रतिनिधींस मिळालेल्या मतांच्या हिशेबाच्या प्रती, उमेदवारांचीं पत्रकें, जुन्या मतदारयाद्या, पहिल्या ग्रामपंचायतींचीं कार्यवृत्तें हीं गांवोगांवच्या घरांत पडून आहेत व रद्दींत जात आहेत. मोडी कागद जसे आपण माळ्यावरून खालीं आणले, तसे हेहि आणावे, त्यांवर गांव, तारीख व कोणाकडून मिळाले तें टिपून ठेवावें, आणि यादी मंडळाकडे पाठवावी. शिरूर व दौंड तालुक्यांपुरतें हें काम प्रस्तुत लेखकानें सुरू केलें आहे.